अकरा डिझायनर, चौदा हजार माणसं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वित्तक्षेत्रातली मोठी कंपनी, १४,००० कर्मचारी, देशभर शाखा. डिझायनर ११, सगळे पुण्यात, आयटीच्या हाताखाली. एमडींनी दोन वर्षांत ‘डिझाइन कल्चर’ रुजवायला सांगितलंय. गेल्या वर्षी बाहेरच्या एका संस्थेने डिझाइन थिंकिंगची, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने विचार करून अडचणी सोडवायच्या पद्धतीची, ४० वर्कशॉप घेतली, १,८०० जणांना प्रमाणपत्रं मिळाली, भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या चिकटल्या, आणि काम आधी चालायचं तसंच चालू आहे. आता तुम्ही विचारताय की आणखी किती डिझायनर घ्यावेत, त्यांना एकत्र ठेवावं की विभागांत वाटून द्यावं, आणि वर्कशॉप पुढे चालू ठेवावीत का.

तिन्हींची उत्तरं देते. पण त्यांच्या पोटात एक चौथा प्रश्न आहे, तो तुम्ही विचारलेला नाही. तुमच्या ११ जणांच्या हातात काम पडतं तेव्हा त्यातलं किती आधीच ठरून गेलेलं असतं? तुम्ही जाता जाता लिहून गेलायत, ‘बीआरडीवर सही झाली की ते स्क्रीन करायला आमच्याकडे येतं’. बीआरडी, म्हणजे काय बनवायचं ते नेमून देणारा कागद. दुखणं तिथेच आहे. सही झालेल्या कागदावर डिझायनर काय करणार? रंग, अंतरं, बटणाची जागा. मग वरची मंडळी म्हणतात, डिझाइनने काही फरक पडत नाही. त्यांनी जे पाहिलं त्यावरून ते बरोबरच बोलत असतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकते. तुमची सॉफ्टवेअर घरात बनतात की व्हेंडर बनवून देतो, यावर अर्धं उत्तर बदलतं. व्हेंडर असेल तर तुमची खरी डिझाइन मीटिंग म्हणजे टेंडरचा मसुदा लिहिण्याची मीटिंग. एमडींची किती वर्षं उरली आहेत, यावर उरलेलं अर्धं. दोनच वर्षं असतील तर त्यांच्या नावावर चालणारं काहीही उभारू नका. आणि तुमच्यावर रिझर्व्ह बँक किंवा विमा नियामकाची नजर आहे, म्हणजे कायदा आणि कम्प्लायन्सची माणसं तुमच्या टीममधली आहेत असंच धरून चाला, पगार त्यांना कोणीही देवो. मी बावीस वर्षं हे काम करते आहे, बहुतेक विमा आणि बँकांमध्ये. कारखाना किंवा दवाखाना असेल तर माझं सगळंच लागू पडेल असं नाही.

आता माझी एक फजिती सांगते, कारण मला जे काही कळलं ते तिथून कळलं.

पंधराएक वर्षांपूर्वी एका विमा कंपनीत आम्ही क्लेम फॉर्मवर काम केलं. बारा पानांचा फॉर्म पाच पानांवर आणला. ग्राहकांना भेटलो, शाखांमध्ये बसलो, सहा खेपा तपासला. मराठी मजकूर तर चौदा वेळा लिहिला. मुख्य कार्यालयात टाळ्या झाल्या, कंपनीच्या मासिकात फोटो आला. आठ महिन्यांनी वेगळ्याच कामासाठी मराठवाड्यातल्या एका शाखेत गेले. काउंटरवर आमचा फॉर्म नव्हता. जुनाच होता, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं फुगलेली. टेबलाच्या काचेखाली त्याच जुन्या फॉर्मचा भरलेला नमुना ठेवला होता, लाल पेनाने, ‘कृ. असे भरावे’. शाखाधिकारी गृहस्थ भले होते. म्हणाले, “मॅडम, नवीन फॉर्म छान आहे, कपाटात ठेवलाय. पण ऑडिटच्या यादीत जुन्याचा नंबर आहे. नव्यावर क्लेम घेतला तर शेरा माझ्यावर येतो.”

एवढंच होतं. आम्ही फॉर्म बदलला, पण ऑडिटच्या यादीतला फॉर्म क्रमांक बदलला नाही. तो बदलायला ओ अँड एम, म्हणजे कामाच्या पद्धती ठरवणाऱ्या, विभागाचं परिपत्रक लागतं, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हतं, कारण आम्ही डिझायनर होतो आणि ते ‘ऑपरेशन्सचं’ काम होतं. त्या विभागात एक वही होती, पुढे मी ती पाहिली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची. कंपनीच्या प्रत्येक फॉर्मचा क्रमांक, तो कोणत्या परिपत्रकाने आला, कोणत्या परिपत्रकाने रद्द झाला, याच्या त्यात नोंदी. ती वही सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आले होते. आमच्या कामाचं काय होणार हे त्यांच्या हातात होतं आणि आम्ही त्यांना एकदाही भेटलो नव्हतो.

मोठी संस्था चालते ती वहिवाटीवर. टिपणी कोण लिहितो, कोणत्या नमुन्यात लिहितो, किती रकमेपर्यंत कोणाची सही चालते, कोणतं परिपत्रक कोणत्या तारखेपासून लागू, ऑडिटवाला कोणते रकाने बघतो. कोणाच्या मनात काहीही असो, सोमवारी सकाळी माणूस वहिवाटीप्रमाणेच वागतो, कारण तसं वागलं तर त्याला कोणी काही विचारत नाही. डिझाइनचा प्रश्न या कागदांवर आला नाही तर तुम्ही शंभर डिझायनर घेतलेत तरी ते पाहुणेच राहतील.

याचं घरचं उदाहरण सातबाऱ्याचं आहे. २०२० मध्ये महसूल विभागाने उताऱ्याचा नमुना सुधारला. खाते क्रमांक आधी ‘इतर हक्क’ रकान्यात असायचा, तो खातेदाराच्या नावापाशी आला. कमी झालेलं नाव पूर्वी कंसात जायचं. गावात ‘त्याच्या नावाला कंस झाला’ म्हणायचे आणि ज्याला ही खूण ठाऊक नाही त्याला कंसातलं नावही मालकाचंच वाटायचं. आता त्या नावावर आडवी रेघ येते. प्रलंबित फेरफार उताऱ्यावरच दिसतात. दोन खातेदारांच्या मध्ये तुटक रेघ आली. मला तर ती तुटक रेघच सगळ्यात जास्त आवडते. कोणीतरी बसून विचार केलाय की कुठलं क्षेत्र कोणाचं हे वाचताना डोळा कुठे घसरतो. या कामाला कोणी डिझाइन म्हटलं नसेल. पण ते वाडीवस्तीपर्यंत पोचलं, कारण सातबारा हा गाव नमुना आहे. नमुना बदलला की तलाठी कार्यालयात दुसरा काही निघतच नाही. तलाठ्याला सहानुभूतीचं वर्कशॉप द्यावं लागलं नाही.

परदेशातलं सगळे देतात ते उदाहरण ब्रिटिश सरकारचं. २०१० मध्ये सरकारच्या डिजिटल सल्लागार मार्था लेन फॉक्स यांचा अहवाल, २०११ मध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसची स्थापना, ऑक्टोबर २०१२ पासून जुन्या सरकारी साइट टप्प्याटप्प्याने मोडून गव्ह डॉट यूके ही एकच साइट. तिच्यावर नाव घेण्यासारखी सजावट नव्हती, तरी २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमचा ‘डिझाइन ऑफ द इयर’ किताब तिलाच मिळाला. लोक तिची स्वच्छ पानं आणि ठळक अक्षरं दाखवतात आणि म्हणतात, आपणही असं करू. मला त्यात रस आहे तो दोन कंटाळवाण्या गोष्टींमुळे. पहिली, पैसा. तिथल्या खात्यांना ठरावीक रकमेच्या वरचा आयटी आणि डिजिटल खर्च कॅबिनेट ऑफिस या मध्यवर्ती खात्याच्या मंजुरीशिवाय करता येत नव्हता. दुसरी, दरवाजा. एप्रिल २०१४ पासून नव्या सार्वजनिक सेवांना सर्व्हिस स्टँडर्ड लागू झालं. सेवेने ठरलेल्या टप्प्यांवर तपासणीला यायचं, वापरणाऱ्यांना भेटलात का, काय शिकलात, काय बदललंत हे दाखवायचं, आणि पास झालात तर पुढे. त्या पहिल्या यादीत २६ मुद्दे होते. शेवटचा मुद्दा मला तोंडपाठ आहे: ही सेवा संबंधित मंत्र्याबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहा. मंत्रिमहोदयांनी स्वतः फॉर्म भरायचा! हे असं कलम ज्याला सुचलं त्याला मोठ्या संस्था कशा हलतात हे पुरतं ठाऊक होतं.

पुढे २६ चे १८ झाले, २०१९ मध्ये १४. कमी झाले हे चांगलंच झालं. दरवाज्याचा एक दोष असतो, लोक दरवाज्यातून पार होण्यापुरतं काम करायला शिकतात. मी स्वतः एका बँकेत अशी तपासणी सुरू केली होती. वर्षभरात टीमा परीक्षेला बसल्यासारख्या यायला लागल्या, गाइड पाठ करून. ‘किती ग्राहकांना भेटलात?’ तर उत्तर ठरलेलं: पाच. सगळ्यांचे पाचच. मग आम्ही प्रश्न बदलला: ‘ग्राहकांना भेटल्यावर तुम्ही काय काढून टाकलंत?’ याला पाठ केलेलं उत्तर नसतं. तेव्हा दरवाजा ठेवा, पण तिथे उभा राहणारा माणूस कामातला असू द्या. चेकलिस्ट घेऊन उभा राहणारा नको.

आता तुमचा पहिला प्रश्न, डिझायनर किती.

इथे आयबीएमचं प्रमाण सांगायची पद्धत आहे. २०१२ च्या सुमारास त्यांच्याकडे ७२ डेव्हलपरमागे एक डिझायनर होता आणि त्यांनी आठामागे एक हे उद्दिष्ट ठेवलं. हे काम सांभाळणारे फिल गिल्बर्ट आयबीएमने विकत घेतलेल्या एका छोट्या कंपनीतून आले होते. आकडा तुमच्या एमडींना आवडेल, स्लाइडवर छान दिसतो. पण त्यांनी डिझायनर सगळ्या प्रॉडक्टवर पातळ करून पसरवले नाहीत. निवडक प्रॉडक्ट घेतली, तिथे पुरेशी माणसं दिली, आणि नव्या डिझायनरांना ऑस्टिनमध्ये काही आठवडे एकत्र घडवून मग कामावर धाडलं. त्याच टीममधल्या इंजिनिअर आणि प्रॉडक्ट मॅनेजरांनाही त्यात ओढलं. प्रमाण हा त्याचा परिणाम होता.

त्याच कंपनीची आधीची गोष्ट क्वचित सांगितली जाते. १९५६ मध्ये कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन धाकटे यांनी वास्तुविशारद आणि डिझायनर एलिऑट नॉइस यांना बोलावलं, ग्राफिक डिझायनर पॉल रँडकडून बोधचिन्ह करून घेतलं, इमारती, यंत्रं, प्रदर्शनं सगळं एका हाताने घडावं तसं घडलं. ‘चांगलं डिझाइन म्हणजे चांगला धंदा’ हे वाक्यही याच वॉटसन यांचं. १९७१ मध्ये वॉटसन पायउतार झाले, १९७७ मध्ये नॉइस गेले. आणि २०१२ मध्ये त्याच कंपनीला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. यंत्रांचं रूप घडवणं वेगळं आणि सॉफ्टवेअर वेगळं, हे मान्य. तरी मी यातून हे घेतलं की एका मोठ्या माणसाच्या आवडीवर उभं राहिलेलं काम त्या माणसाबरोबर जातं. तुमच्या एमडींना डिझाइन आवडतं, हे आज भांडवल आहे. त्यातून टिकणारं काही विकत घ्या. एक परिपत्रक घ्या, मंजुरीच्या नमुन्यातला एक रकाना घ्या, एचआरच्या बँडमध्ये, म्हणजे पदांच्या श्रेणींत, तीन जागा घ्या. भाषणं नका घेऊ.

तर आकडा विचाराल तर पहिल्या वर्षी ११ चे १६ करा, त्याहून जास्त नको. त्यातल्या दहा-बारा जणांना फक्त तीन कामांवर लावा. बाकीच्या विभागांना स्पष्ट सांगा की यंदा आमच्याकडे माणूस नाही. हे ‘नाही’ तुम्हाला फार जड जाईल, मला माहीत आहे. ‘जरा बघून द्या ना’ म्हणून येणारं प्रत्येक काम घेतलंत तर ११ जण ६० कामांना हात लावतील आणि एकही काम त्यांचं म्हणून दिसणार नाही. तीन कामं निवडताना सगळ्यात झगमगीत घेऊ नका. जिथला विभागप्रमुख स्वतः त्रासलेला आहे, जिथे तक्रारी मोजल्या जातात आणि जे नऊ-दहा महिन्यांत संपेल, असं घ्या.

भरतीबद्दल एक. आपल्याकडे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी आणि १९६९ मध्ये आयआयटी मुंबईतली आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्था सुरू झाल्या. पुढे कितीतरी वर्षं डिझायनर म्हणजे या दोन-तीन दारांतून आलेला माणूस असंच समीकरण होतं. आता कॉलेजं ढिगाने आहेत, पोर्टफोलिओ सगळे सारखे दिसतात. माझ्या अनुभवातली सगळ्यात पक्की सर्व्हिस डिझायनर, म्हणजे ग्राहकाचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं व्हावं ते आखणारी, नऊ वर्षं शाखेत काउंटरवर बसलेली होती. तिला फिग्मा, म्हणजे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, मी शिकवलं, तीन महिन्यांत आलं. ग्राहक सही करताना कुठे थबकतो आणि का, हे मला तिने शिकवलं आणि त्याला जास्त वेळ लागला. तुमच्या १,८०० प्रमाणपत्रवाल्यांत अशी वीस-पंचवीस माणसं नक्की असतील. वर्कशॉपचा माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग हाच, कोणाचे डोळे चमकतात ते कळतं. यादी काढा, त्यांना बोलवा.

दुसरा प्रश्न, एकत्र की वाटून. यावर तासन्‌तास वाद झालेले मी ऐकलेत आणि बहुतेक वेळा तो खुर्चीचा वाद असतो. माझं उत्तर असं: भरती, पगार, बढती आणि कामाचा दर्जा एका जागी, रोजचं बसणं कामाच्या जागी. डिझायनर क्लेम विभागातच बसू दे, त्यांच्याबरोबर चहा पिऊ दे, त्यांच्या शिव्या खाऊ दे. पण त्याचं अप्रेजल क्लेमच्या प्रमुखाने एकट्याने करू नये, नाहीतर वर्षभरात तो ‘हो साहेब’ म्हणायला लागतो. आणि एकट्याला कधीही धाडू नका, जोडीने धाडा. मी एकट्याला धाडण्याची चूक तीनदा केली आहे. तिन्ही वेळा चांगली मुलं होती. दोघांनी नोकरी सोडली, तिसरा अजून आहे, आता प्रेझेंटेशनच्या स्लाइड सुंदर करून देतो.

दर शुक्रवारी सगळ्यांनी एका खोलीत यायचं आणि अर्धवट काम भिंतीवर लावायचं. पूर्ण झालेलं चालणार नाही. पूर्ण कामावर लोक कौतुक करतात, अर्धवट कामावर मदत करतात. यात इतर विभागातलं कोणी आलं तर खुर्ची द्या. पहिले चार महिने कोणी येत नाही. मग ऑपरेशन्सची एखादी बाई ‘सहज’ म्हणून येते आणि तुमच्या फ्लोमधली अशी चूक दाखवते की सगळे गप्प.

बढतीची शिडी विसरू नका. डिझायनरला वर जायचं तर मॅनेजरच व्हावं लागत असेल तर तुमचे हातचे चांगले कारागीर तुम्हीच मोडून खाताय. ब्रिटिश सरकारने केलेलं सगळ्यात टिकाऊ काम मला विचाराल तर साइट नव्हे, हे: यूजर रिसर्चर, इंटरॅक्शन डिझायनर, सर्व्हिस डिझायनर, कंटेंट डिझायनर अशी पदं त्यांनी रीतसर लिहून काढली, प्रत्येकाच्या पायऱ्या ठरवल्या. एकदा पद एचआरच्या यादीत गेलं की ते काढायलाही टिपणी लागते!

कंटेंट डिझायनर, म्हणजे फॉर्म आणि स्क्रीनवरचा मजकूर घडवणारा. या पदावर जरा थांबते, कारण आपल्याकडे ते सगळ्यात दुर्लक्षित आहे. इंग्रजी मजकूर शेवटच्या आठवड्यात भाषांतराला जातो आणि ‘आपला व्यवहार यशस्वीरीत्या प्रक्रियान्वित झाला आहे’ असं काहीतरी परत येतं. त्या क्लेम फॉर्मवर आमचा सगळ्यात मोठा घोळ एका शब्दावर झाला होता: नॉमिनी. छापील मराठी ‘नामनिर्देशित व्यक्ती’. कोणालाही वाचून कळत नव्हतं. लोक म्हणायचे ‘वारस’. मग आम्ही हुशारीने ‘वारस’ लिहिलं. लीगलने फॉर्म परत पाठवला, आणि ते बरोबर होते. कायद्याने नॉमिनी आणि वारस ही एकच गोष्ट नाही. ‘वारस’ छापून आम्ही घराघरात भांडणं लावली असती. दोन आठवडे मेल इकडून तिकडे गेले. शेवटी लीगलच्या बाईंना घेऊन एका शाखेत गेलो. समोर एक आजी बसलेल्या. बाईंनीच त्यांना विचारलं, “आजी, तुमच्या माघारी हे पैसे कोणाच्या हाती द्यायचे?” आजींनी ताबडतोब सुनेचं नाव सांगितलं. मुलाचं नाही, सुनेचं. परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, “मी जे विचारलं तेच छापा. ‘हाती द्यायचे’ला माझी हरकत नाही, त्यातून मालकी सांगितली जात नाही.” अर्धा तास. जे दोन आठवड्यांच्या मेलांनी झालं नाही ते. हे वाक्य लीगलचं आहे, आमचं नाही, म्हणून पुढे त्याला कोणी हात लावला नाही.

यातून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, वर्कशॉप. मी त्यांच्या विरुद्ध नाही. पण खोट्या प्रश्नावर घेतलेलं वर्कशॉप म्हणजे पाण्याबाहेर पोहण्याचा वर्ग. ‘विमानतळावरचा अनुभव सुधारा’ यावर दोन दिवस घालवून माणूस आपल्या टेबलावर परत येतो आणि टेबलावर विमानतळ नसतो. इंट्यूट या हिशेबाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने २००८ च्या सुमारास वेगळी वाट धरली. तिथल्या डिझाइनच्या कामातल्या कॅरन हॅन्सन यांनी कंपनीतूनच दहाएक माणसं निवडली, त्यांना ‘इनोव्हेशन कॅटॅलिस्ट’ म्हटलं. वर्ग घेणं हे त्यांचं काम नव्हतं, दुसऱ्या टीमच्या चालू कामात मदतीला जाणं हे होतं. त्यांच्या भारतातल्या टीमने शेतकऱ्यांबरोबर वेळ घालवून मोबाइलवर बाजारभाव कळवणारी ‘फसल’ ही सेवा उभी केली, ती याच वळणाची. तुम्हीही तेच करा. वर्कशॉप घ्यायचं तर टीमने आपलं अडलेलं काम घेऊन यावं, निर्णय घेणारा माणूस खोलीत असावा, आणि उठताना काहीतरी ठरलेलं असावं. नसेल तर घेऊ नका.

वर्कशॉपपेक्षा मी वरिष्ठांना बाहेर नेण्यावर जास्त वेळ घालवते. जॅरेड स्पूल या अमेरिकी यूजेबिलिटी तज्ज्ञांचा एक ठोकताळा आहे: टीममधल्या प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत निदान दोन तास खऱ्या वापरणाऱ्याला काम करताना बघावं. प्रत्येकाने, म्हणजे डेव्हलपरने, मॅनेजरने, साहेबांनीही. मी त्यात एकच भर घालते: साहेबांनी ओळख न देता जायचं. एका बँकेच्या ऑपरेशन्स प्रमुखांना मी उपनगरातल्या शाखेत नेलं होतं. टोकन घेतलं, बाकावर बसलो. ४७ मिनिटं लागली. विसाव्या मिनिटाला त्यांनी घड्याळ बघायला सुरुवात केली, तिसाव्या मिनिटाला शेजारच्या गृहस्थांशी बोलायला. गृहस्थ तिसऱ्यांदा आले होते, पत्ता बदलण्यासाठी. प्रत्येक वेळी वेगळा कागद कमी पडला होता. प्रमुखांनी काही भाषण केलं नाही. सोमवारी त्यांच्या ऑफिसातून फोन आला की पत्ताबदलाच्या कागदांची यादी कोण ठरवतं ते बघा. ती यादी त्यांचाच विभाग ठरवत होता.

डिझाइन सिस्टिमबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे, ‘आधी ती करून घेऊ का?’ म्हणजे बटणं, रकाने, अक्षरं यांचे सगळ्यांनी वापरायचे तयार नमुने. करा, पण तिसऱ्या नंबरला. सगळे तिथून सुरू करतात कारण ती दाखवता येते आणि कोणाशी भांडावं लागत नाही. गव्ह डॉट यूकेची डिझाइन सिस्टिम २०१८ मध्ये आली, म्हणजे साइटनंतर सहा वर्षांनी, आणि तोवर वेगवेगळ्या खात्यांत ती वापरणारे आणि तिच्यात भर घालणारे डिझायनर तयार झाले होते. आधी माणसं, मग त्यांचं सामाईक कपाट.

आणि मोजणी. डिझाइन मॅच्युरिटीचे, म्हणजे कंपनीत डिझाइन किती मुरलंय याचे, आलेख काढू नका, कोणी वाचत नाही. तुमची कंपनी आजच जे मोजते त्यातलं एक उचला. परत गेलेले अर्ज, त्रुटीची पत्रं, कॉल सेंटरला ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ म्हणून आलेले फोन. हे आकडे ऑपरेशन्सच्या मासिक मीटिंगमध्ये आधीपासून असतात. तुमच्या तीन कामांपैकी एकात त्रुटीची पत्रं उतरली तर ते तुम्ही सांगू नका, ऑपरेशन्सच्या प्रमुखाला सांगू द्या. त्याच्या तोंडून ऐकलं की पुढच्या वर्षीच्या हेडकाउंटला फार वाद होत नाही.

सगळं एकदम करायला जाऊ नका. उद्यापासून सुरू करायचं तर माझा क्रम असा असता: पहिला महिना काहीही डिझाइन न करता फक्त कागदांचा माग काढा. एखादी कल्पना बीआरडी होते, मंजूर होते, टेंडरला जाते, परिपत्रक होऊन शाखेत पोचते, या वाटेत किती टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलावर कोणता नमुना भरला जातो. मग एमडींकडून एकच गोष्ट मागा, बीआरडीच्या नमुन्यात तीन ओळी: हे कोण वापरणार, त्यांच्यापैकी कोणाला कुठे जाऊन भेटलात, आणि भेटल्यावर मूळ कल्पनेतलं काय बदललं. तिसरी ओळ रिकामी असेल तर ठरावीक रकमेवरची सही होणार नाही. ती रक्कम सुरुवातीला मोठीच ठेवा, म्हणजे वर्षाला दहा-बाराच कामं त्यात येतील आणि तुम्हाला ती नीट बघता येतील. बोभाटा होईल. प्रॉडक्टवाले म्हणतील, यामुळे उशीर होतो. पहिल्या दोन-तीन कामांत तो होईलच, आणि तेव्हा तुमची जोडी त्यांच्या मदतीला हजर पाहिजे. नुसती अट घालून बाजूला उभे राहिलात तर तुम्ही आणखी एक ऑडिट विभाग झालात.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नावरून मला कळली नाही, आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्याकडे बीआरडीचा नमुना बदलायचा तर सही कोणाची लागते? आयटीची, पीएमओची (प्रकल्पांवर देखरेख करणारं ऑफिस) की ओ अँड एमची? माझा अंदाज, तुम्हालाही सांगता येणार नाही. मलाही आठ महिने सांगता आलं नव्हतं. शोधून काढा, त्या माणसाकडे चहाला जा, आणि त्याच्याकडे फॉर्मांची वही असेल तर ती आधी चाळून बघा.